पाण्यातील क्लोरीन काढणे : एका क्रियापदाचा अर्थ आणि शेतीकामातील उपयोग

पावसाळ्याच्या तोंडावर गावच्या विहिरीत टीसीएल टाकण्याचे काम आणि बियाण्यास जिवाणू संवर्धन लावण्याचे काम ही दोन्ही बहुधा एकाच पंधरवड्यात येतात. पहिल्या कामात पाण्यातील जंतू मारावयाचे असतात, तर दुसऱ्यात जंतू जगवावयाचे असतात. पाणी मात्र पुष्कळदा एकाच विहिरीचे असते. म्हणूनच जिवाणू खते, ठिबक संच व मत्स्यबीज यांसंबंधीच्या सूचनापत्रकांत 'डीक्लोरिनेट केलेले पाणी वापरावे' अशा प्रकारचे वाक्य अधूनमधून आढळते. ज्याने ते वाचावयाचे त्याला या शब्दाचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही. ज्याने तो समजावून सांगावयाचा त्या कार्यकर्त्याच्याही मनात तो पुष्कळदा अर्धवटच असतो. या एका क्रियापदाचा अर्थ चुकला तर कधी बियाण्यावरील जिवाणू वाया जातात आणि कधी गावात पटकीची साथ येते. यास्तव तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

क्लोरीन हे नाव ग्रीक भाषेतील पिवळट हिरव्या रंगाच्या शब्दावरून पडलेले आहे. १७७४ साली स्वीडनमधील रसायनवेत्ता शेले याने हा वायू प्रथम तयार केला आणि १८१० साली इंग्लंडमधील हंफ्री डेव्ही याने ते मूलद्रव्य असल्याचे सांगून त्यास हे नाव दिले. चुन्यात क्लोरीन शोषून घेऊन केलेली पांढरी पूड, म्हणजे आपले विरंजक चूर्ण अथवा ब्लीचिंग पावडर, टेनंट याने १७९९ साली बाजारात आणली ती कापड धुऊन पांढरे करण्यासाठी. पिण्याच्या पाण्यासाठी तिचा उपयोग नंतर सुरू झाला. खेडोपाडी जिला टीसीएल म्हणतात ती हीच पूड. ती पाण्यात टाकणे म्हणजे क्लोरिनेशन आणि पाण्यात उरलेला क्लोरीन काढून टाकणे म्हणजे डीक्लोरिनेशन होय. दोन शब्दांत फरक आहे तो केवळ 'डी' या एका अक्षराचा. पण कामे मात्र अगदी उलट. दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेत अथवा गर्दीच्या सभेत हे एक अक्षर सहज गळून जाते, हे बोलणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

मराठीत यासाठी 'विक्लोरीकरण' असा शब्द बनविता येतो. 'विरंजक' या शब्दात 'वि' हा उपसर्ग रंग घालविण्याचा अर्थ दाखवितो, त्याच धर्तीवर 'विक्लोरीकरण' म्हणजे क्लोरीन घालविणे. शब्द व्याकरणाने चुकीचा नाही. परंतु 'वि' या उपसर्गाला दुसराही अर्थ आहे. 'विशुद्ध' म्हणजे शुद्धी गेलेले नव्हे, अधिक शुद्ध. तेव्हा 'विक्लोरित पाणी' असे फलकावर लिहिले तर विशेष क्लोरीन घातलेले पाणी असा अर्थ कोणी घेतल्यास त्याला दोष देता येणार नाही. 'निर्क्लोरीकरण' या शब्दात हा घोटाळा नाही, पण तो उच्चारण्यास अवघड आणि 'निर्जंतुकीकरण' या शब्दाशी गल्लत होण्याजोगा आहे. पारिभाषिक संज्ञा पुस्तकात शोभते. गावात बोलताना व लिहिताना 'क्लोरीन काढणे' आणि 'क्लोरीन काढलेले पाणी' हेच शब्द वापरणे श्रेयस्कर.

या क्रियापदाचे कर्म कोणते, हाही प्रश्न गौण नाही. क्लोरीन काढावयाचा असतो तो पाण्यातून. म्हणून 'पाण्याचे विक्लोरीकरण' म्हणावे, 'क्लोरीनचे विक्लोरीकरण' म्हणू नये. तसेच हे क्रियापद पाणी शुद्ध झाल्याचे सांगत नाही. ज्या पाण्यातून क्लोरीन काढला ते पाणी नव्या जंतूंपासून असलेले आपले संरक्षण गमावून बसते. भारतीय मानक आय. एस. १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवा. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे दोष नसून पहारेकरी आहे. टीसीएलचा वास येतो म्हणून पिण्याचे पाणी दिवसभर उन्हात उघडे ठेवणारी कुटुंबे खेड्यांत आहेत. पावसाळ्यात असे करणे म्हणजे पहारेकऱ्यास स्वतःच घरी पाठविणे होय. क्लोरीन काढण्याची जी कृती पुढे दिली आहे ती शेतीच्या, मत्स्यपालनाच्या व तपासणीच्या पाण्यासाठी आहे. पिण्याच्या पाण्यासाठी नाही.

क्लोरीन आणि क्लोराइड

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तर कोकणात समुद्रालगत खार जमिनी आहेत. प्रयोगशाळेच्या अहवालात तेथील पाण्यापुढे क्लोराइडचा आकडा मोठा दिसतो. तो पाहून 'हे क्लोराइड काढण्यासाठी पाणी डीक्लोरिनेट करावे काय?' असा प्रश्न शेतकरी विचारतात. उत्तर नकारार्थी आहे. क्लोरीन हा अस्थिर व तीव्र पदार्थ होय. तो उन्हाने जातो, उकळल्याने जातो, शेणामातीशी संयोग पावून संपतो. क्लोराइड म्हणजे मिठातील अंश. पाणी उकळले तर क्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. खरे पाहता क्लोरीन काढणे म्हणजे बहुतेक वेळा त्याचे निरुपद्रवी क्लोराइडात रूपांतर करणे एवढेच असते. खाऱ्या जमिनीवरील उपाय म्हणजे निचरा, गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे आणि जेथे सोडियमचा दोष असेल तेथे जिप्सम. त्यासाठी क्रियापदही वेगळेच आहे : क्षार काढणे. पिकाला क्लोराइड अल्प प्रमाणात लागतेही. १९५४ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी टोमॅटोच्या रोपांवर प्रयोग करून ते आवश्यक अन्नद्रव्य असल्याचे दाखवून दिले.

क्लोरीन केव्हा काढावा, केव्हा काढू नये

क्लोरीनचे नाव काढताच घाबरून जाण्याचे कारण नाही. पुष्कळ ठिकाणी ही चिंता अनाठायी असते. उदाहरणार्थ, २०० लिटर नळाचे पाणी घेऊन त्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ व बेसन घालून जीवामृत करतात. त्या पाण्यात दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन आहे असे धरले, तरी साऱ्या पिंपात मिळून क्लोरीन होतो १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा. १० किलो शेणातील सेंद्रिय द्रव्य एवढा क्लोरीन पाहता पाहता खाऊन टाकते. अशा पाण्यासाठी वेगळा खटाटोप करण्यात हशील नाही.

कडधान्यांच्या व सोयाबीनच्या बियाण्यास रायझोबियम लावतानाची जी जुनी रीत आहे तीतही याचा बंदोबस्त आपोआप झालेला आहे. गूळ पाण्यात घालून ते पाणी उकळावे, पूर्ण थंड होऊ द्यावे व मग त्यात संवर्धन मिसळावे, अशी ती रीत आहे. उकळण्याने क्लोरीन उडून जातो आणि राहिलासाहिला गुळातील मळीशी संयोग पावतो. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांचा हेतू चिकटपणा व स्वच्छता हा असेल. पण क्लोरीन काढण्याचे कामही तीत होऊन जाते. घाईच्या दिवसांत उकळण्याची पायरी गाळून, त्याच सकाळी टीसीएल टाकलेल्या विहिरीचे पाणी थेट संवर्धनावर ओतले की मात्र प्रश्न उद्भवतो. विहिरीत टीसीएल मोजून टाकण्याऐवजी मुठीने टाकले असेल तर त्या पाण्यात किती क्लोरीन आहे याचा काहीच हिशेब राहत नाही. मग महिन्याने रोपे उपटून पाहिली आणि मुळांवर गाठी दिसल्या नाहीत, म्हणजे शेतकरी संवर्धन बनावट होते असे म्हणतो. कधी ते खरेही असते. कधी पुडके उन्हात पडलेले असते, कधी त्याची मुदत संपलेली असते, कधी बियाण्यास बुरशीनाशक व संवर्धन एकाच वेळी चोळलेले असते. पाण्याचाही विचार या यादीत असावा, पण तो पहिल्या क्रमांकावर असू नये.

खरी काळजी घ्यावयाची ती जेथे पाणी पुष्कळ, जिवाणू थोडे आणि सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नाही अशा कामांत. द्रवरूप जिवाणू खत पिंपभर पाण्यात मिसळून ठिबकमधून सोडणे, ट्रायकोडर्माचे द्रावण मुळांशी ओतणे, हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी विषाणूचे द्रावण फवारणे ही अशी कामे होत. ठिबक संचात तर दुहेरी धोका आहे. शेवाळ व चिकटा घालविण्यासाठी नळ्यांत मुद्दाम क्लोरीन सोडण्याची प्रक्रिया करतात. ती झाल्यावर उपनळ्यांची टोके उघडून संच स्वच्छ पाण्याने पुरता धुऊन काढावा, सर्वांत दूरच्या नळीच्या टोकाचे पाणी तपासावे आणि त्यात क्लोरीन नाही अशी खात्री झाल्यावरच पुढच्या पाळीस जिवाणू खत सोडावे.

माशांच्या बाबतीत तर सूट मुळीच नाही. माणसाला निर्धोक असलेले क्लोरीनचे प्रमाण माशाच्या कल्ल्यांना इजा करते, आणि मत्स्यबीज तर त्याहून नाजूक. दुसरीकडे, तळ्यातील नको असलेले मासे नाहीसे करण्यासाठी क्लोरीनचाच उपयोग करतात. त्याकरिता एक हेक्टर तळ्यात १ मीटर खोल पाणी असेल तर ३५० किलो विरंजक चूर्ण लागते. हिशेब केला तर हे दर लिटरला ३५ मिलिग्रॅम चूर्ण, म्हणजे चांगल्या चूर्णात सुमारे १० मिलिग्रॅम क्लोरीन झाला. पिण्याच्या पाण्यातील प्रमाणाच्या कित्येक पट. तरीही हा सगळा क्लोरीन ऊन, वारा व तळाचा गाळ यांमुळे सुमारे आठवड्याभरात निघून जातो. तेथे काढणारा माणूस नसतो, काढण्याचे काम निसर्गच करतो. तथापि दिवस मोजून भागत नाही. बारीक जाळ्याचा हापा तळ्यात लावून त्यात थोडी बोटुकली एक दिवसभर ठेवून पाहावीत, ती तरतरीत राहिली तरच पुढील बीज सोडावे.

क्लोरीन काढण्याच्या रीती

सर्वांत सोपी व बिनखर्ची रीत म्हणजे पाणी पसरट, उघड्या तोंडाच्या भांड्यात उन्हात ठेवणे आणि अधूनमधून ढवळणे. नळाच्या पाण्यातील नेहमीच्या प्रमाणाचा क्लोरीन अशा रीतीने बहुधा एका दिवसात जातो. अरुंद तोंडाच्या पिंपात किंवा झाकलेल्या टाकीत तो कित्येक दिवस रेंगाळतो. 'पाणी रात्रभर ठेवले होते' असे पुष्कळ जण सांगतात. पण रात्री ऊन नसते हे ते विसरतात. पाणी उन्हात ठेवावे, संवर्धन मात्र सावलीत ठेवावे. जे ऊन क्लोरीनला घालविते तेच ऊन जिवाणूंना व फवारणीच्या विषाणूलाही घालविते. म्हणून असे फवारे संध्याकाळी मारावेत असे सांगितले जाते.

पाण्यात अमोनिया असल्यास क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून क्लोरॅमाइन हा पदार्थ बनतो. तो उघडे ठेवल्याने लवकर जात नाही. गोठ्याजवळच्या, सांडपाणी झिरपणाऱ्या विहिरीत असे घडू शकते. अशा पाण्यासाठी आणि ज्यास थांबण्यास सवड नाही त्याच्यासाठी हायपो हा उपाय आहे.

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी छायाचित्रे धुणाऱ्यांकडे हे खड्यांच्या रूपात असे; रसायनांच्या व मत्स्यपालनाच्या साहित्याच्या दुकानात ते मिळते. एक भाग क्लोरीन काढण्यासाठी सात भाग हायपो हा हिशेब व्यवहारात धरावा. समजा, २०० लिटर पिंपात दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन आहे. एकूण क्लोरीन झाला ४०० मिलिग्रॅम. त्याच्या सातपट म्हणजे २,८०० मिलिग्रॅम, सुमारे ३ ग्रॅम हायपो. ३ ग्रॅम तोलणारा काटा शेतावर कोठून असणार? त्यासाठी १० ग्रॅम हायपो १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवावा. या द्रावणाच्या दर १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम हायपो येतो. तेव्हा वरील पिंपास ३०० मिलिलिटर द्रावण पुरे. ते ओतून चांगले ढवळावे, काही मिनिटांत काम होते. अधिक घातल्याने अधिक लाभ नाही.

लाकडी कोळसा टाकून क्लोरीन जातो असेही सांगतात. यंत्रांतील गाळणीत असतो तो सक्रिय कार्बन, विशेष रीतीने तयार केलेला. चुलीतला कोळसा त्याची बरोबरी करू शकत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

कोणतीही रीत अवलंबिली तरी शेवटचा निर्णय तपासणीनेच द्यावा. गावातील जलसुरक्षकाकडे ओ. टी. तपासणीचा संच असतो. नळीतील पाण्यात त्याचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंग न आल्यास नाही. याच संचाने सकाळी पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पाहतात आणि दुपारी संवर्धनाच्या पाण्यातून तो गेला की नाही हेही पाहता येते. सकाळी पिवळा रंग ही चांगली खूण, तर दुपारी तीच वाईट. हे द्रावण विषारी आहे. ते हातास लागू देऊ नये आणि तपासलेले पाणी विहिरीत वा पिण्याच्या भांड्यात परत ओतू नये.

नमुन्याच्या बाटलीतील हायपो

क्लोरीन काढण्याचा जो प्रकार प्रत्येक गावात घडतो पण कोणाच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे पाण्याच्या जंतू तपासणीच्या बाटलीतील. प्रयोगशाळेकडून जी निर्जंतुक बाटली येते तिच्यात थोडा हायपो घातलेला असतो. कारण उघड आहे. नमुना घेतल्यापासून तो प्रयोगशाळेत पोचेपर्यंत काही तास जातात. त्या पाण्यात क्लोरीन राहिला तर तो वाटेतही जंतू मारीत राहील, आणि नळाशी दूषित असलेले पाणी प्रयोगशाळेत निर्दोष ठरेल. हायपो त्या क्षणी क्लोरीन काढून टाकतो व नळाशी जी स्थिती होती तीच कायम ठेवतो. काही कार्यकर्ते स्वच्छतेच्या भावनेने बाटली आधी विसळून घेतात. हेतू चांगला, परिणाम घातक. बाटली विसळली की हायपो वाहून जातो, अहवाल 'पिण्यास योग्य' असा येतो आणि गाव निर्धास्तपणे तेच पाणी पीत राहते. म्हणून जंतू तपासणीची बाटली कदापि विसळू नये, ती काठोकाठ भरून वाहू देऊ नये आणि बुचाच्या आतील बाजूस बोट लावू नये. रासायनिक तपासणीची बाटली मात्र त्याच पाण्याने विसळावयाची असते. दोन बाटल्यांचे नियम उलट असल्याने चूक होते. तेव्हा दोहोंवर निरनिराळ्या रंगाच्या चिठ्ठ्या लावाव्यात.

रसायनशास्त्रातील दुसरा अर्थ

रसायनशास्त्रात याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे : एखाद्या संयुगाच्या रेणूत घट्ट बसलेला क्लोरीनचा अणू तोडून काढणे. कीटकनाशकांच्या संदर्भात हा अर्थ येतो. डीडीटी, तसेच गॅमेक्सिन या नावाने शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेली बीएचसी, यांच्या रेणूत असे अणू असतात आणि ते सहजी सुटत नसल्यामुळेच ही द्रव्ये जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ साली आणि बीएचसीचा १९९७ साली बंद करण्यात आला. जुन्या गोदामांच्या व शेतांच्या मातीत त्यांचे अवशेष नंतरही सापडले. भाताच्या पाणी साचलेल्या खाचरात बीएचसीचा गॅमा प्रकार जमिनीतील जिवाणूंमुळे लवकर नाहीसा होतो, असे १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील प्रयोगांतून दिसून आले. पुढे क्लोरीनचे अणू तोडणारे जिवाणू भारतातील व जपानमधील मातीतूनही वेगळे करण्यात आले.

मात्र क्लोरीन निघाला म्हणजे विष गेले, असा अर्थ येथे घेता येत नाही. डीडीटीच्या रेणूतून हायड्रोजनसह क्लोरीनचा एक अणू गेला की डीडीई हा पदार्थ उरतो. तो कीटकांना फारसा मारक नाही, परंतु डीडीटीप्रमाणेच चिवट आहे आणि पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होण्याचे कारण तोच ठरला. घरमाशांनी तर हीच युक्ती आपल्या बचावासाठी वापरली. ज्या माश्यांच्या शरीरात डीडीटीतील हा अणू काढणारे विकर होते त्या फवाऱ्यातून वाचल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. हायपो किंवा ऊन यांनी कीटकनाशकातील क्लोरीन जात नाही. एखाद्या शेतकऱ्याने फवारणीचे पिंप हायपोने धुऊन ते निर्विष झाले असे समजू नये.

साठवणुकीबद्दल दोन शब्द. टीसीएल व हायपो ही दोन्ही पांढरी दिसतात आणि ग्रामपंचायतीच्या एकाच कपाटात ठेवली जाण्याचा संभव असतो. टीसीएलच्या जागी हायपो विहिरीत पडला तर पाण्यात असलेला क्लोरीनही जाईल आणि कोणास कळणारही नाही. शिवाय कोरडी टीसीएल व हायपो एकमेकांत मिसळल्यास उष्णता उत्पन्न होते. दोन्हींचे डबे निरनिराळ्या खोल्यांत ठेवावेत, हायपोच्या डब्यावर ठळक अक्षरांत 'क्लोरीन काढण्यासाठी, विहिरीत टाकू नये' असे लिहावे, आणि टीसीएलचा डबा ओल व ऊन यांपासून दूर, झाकण घट्ट लावून ठेवावा. उघड्या डब्यातील टीसीएलमधून क्लोरीन कोणी न काढताच निघून जात असतो.